सगळ्यांचं एकशे वीस-ऐंशी

मित्रांनो, दंडाला कापडी पट्टा बांधून आणि रबरी फुगा दाबून डॉक्टर बीपी तपासतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. हल्ली त्यासाठी आकडे दाखवणारी छोटी यंत्रे आली आहेत. मी त्यांच्या आधीचा, एक जुना पत्र्याचा बीपीचा डबा. माझे झाकण उघडले की काचेची उभी नळी दिसते आणि त्या नळीत पारा असतो. कागदोपत्री मला रक्तदाबमापक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका शहरात झाला. तिथल्या छोट्याशा कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या नळीशेजारी शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा आखल्या. पारा बरोबर शून्यावर उतरतो की नाही, हे त्याने तीन वेळा पाहिले. कामाला लागण्यापूर्वी मला एवढीच शिकवण मिळाली. दाब असेल तेवढाच चढायचे. एक रेघ जास्त नाही, एक रेघ कमी नाही.

तिथून मी भिवंडीत डॉ. हितेश यांच्या दवाखान्यात आलो. दवाखान्याच्या दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने होते. त्यांच्या खडखडाटात भिंत थरथरे आणि माझा पाराही किंचित हले. शिफ्ट सुटली की केसांत कापसाचे तंतू अडकलेले कामगार रांगेत बसत. शेवंताबाई तिथे आया होती. फरशी पुसता पुसता ती डॉक्टरांकडे इतकी टक लावून बघे की एक दिवस त्यांनीच कानाची नळी तिच्या हातात दिली.

"शेवंताबाई, शिका. पण एक लक्षात ठेवा. आकडा अंदाजाने सांगायचा नाही. नीट ऐकू आलं नाही तर पट्टा पुन्हा बांधायचा."

शेवंता शिकली. बावीस वर्षे आम्ही दोघांनी एकत्र ड्युटी केली. डॉक्टर कौतुकाने म्हणत, "माझ्या दवाखान्यात खरं बोलणारे दोघंच. एक शेवंताबाई आणि दुसरा हा डबा." ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे दवाखान्यात आकड्यांचे यंत्र आले आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. माझ्यावर जुनी कॅलेंडरे साठली. डॉक्टर थकले, त्यांनी दवाखाना बंद केला, तेव्हा मला भंगारात द्यायचा त्यांना धीर झाला नाही. त्यांनी मला शेवंताच्या हाती दिले. ती मला खारबावच्या पुढे, खारशेत नावाच्या आपल्या गावी घेऊन आली. तिथे तिच्या नवऱ्याने, वाल्मीकने, मला पेटीत साड्यांखाली ठेवून दिले. तीन वर्षे मी त्या अंधारात पडून होतो. मला वाटले, माझे आयुष्य इथेच संपले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे धक्के तर पुढेच होते.

एके दिवशी सकाळी शेवंता पिठाच्या गिरणीत उभी होती. तिथे तिला रुचिका दिसली. केसरीनाथ म्हणजे गावातले मोठे जमीनदार. मानकोलीला त्यांची गोदामे होती, गावात भाड्याची चाळ होती. रुचिका त्यांची सून, कुणालची बायको. तिला आठवा महिना लागला होता. तिचा चेहरा सुजला होता आणि बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"पोरी, डोकं दुखतं का गं?" शेवंताने विचारले.

"दोन दिवस झाले, मावशी. डोळ्यांपुढं काजवे चमकल्यासारखं होतं."

शेवंताने पिठाचा डबा तिथेच सोडला. घरी येऊन तिने पेटी उपसली, मला काखेत मारले आणि ती थेट केसरीनाथांच्या ओटीवर गेली. त्या ओटीवर ती लग्नाकार्याला गेली होती, पण न बोलावता कधीच नाही.

रुचिकाची सासू गोदूबाई बाहेर आली. "शेवंते, पाय काय, सगल्यांचंच सुजतान. माझं तिन्ही पोरांच्या टायमाला सुजलेलं."

"सुजले असतील, गोदूबाय. पन मला एकदा बघू दे. माझ्यासाठी बघू दे."

पट्टा बांधला, फुगा दाबला. कितीतरी वर्षांनी मी चढलो आणि ठोके ऐकू येऊ लागले तेव्हा मीच हादरलो. एकशे शहात्तर. खाली एकशे सोळा. एवढ्या कोवळ्या दंडावर एवढा दाब मी बावीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला होता. शेवंताने पट्टा सोडला, पुन्हा बांधला. आकडा तोच आला. तिचे ओठ पांढरे पडले.

"गाडी काढा. आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या हिला."

कुणालने गाडी काढली. मी शेवंताच्या मांडीवर होतो. गावाच्या वेशीवर आरोग्य उपकेंद्राची पिवळी इमारत लागली. आठ वर्षांपूर्वी फीत कापून तिचे उद्घाटन झाले होते. दाराला कुलूप होते. कुणाल काच खाली करून म्हणाला, "इथं नर्स असती तर सुई तरी दिली असती." गोदूबाईने कुलपाकडे पाहिले आणि झटकन मान फिरवली. मला वाटले, ती घाबरली आहे.

मानकोलीच्या अलीकडे कंटेनरची रांग लागली होती. गाडी बोटभर पुढे सरके आणि थांबे. शेवंताने वाटेत पुन्हा मोजले. एकशे नव्वद. तेवढ्यात रुचिकाचे डोळे वर गेले, दात घट्ट बसले आणि तिचे सगळे अंग आखडून झटके देऊ लागले. गोदूबाईची किंकाळी बाहेरच्या हॉर्नमध्ये विरून गेली. कशेळीचा पूल ओलांडून दवाखाना गाठेपर्यंत अडीच तास गेले.

रुचिका वाचली. तिला अकरा दिवसांनी घरी सोडले. पण तिचे बाळ पोटातच गेले होते. तो मुलगा होता.

तिथली डॉक्टरीण शेवंताला म्हणाली, "महिनाभर आधी कुणी नुसतं बीपी पाहिलं असतं ना, तर साध्या गोळ्यांवर निभावलं असतं." मी तेव्हा शेवंताच्या पिशवीत होतो. तो सगळा महिना मी पेटीत, साड्यांखाली होतो. रुचिकाच्या घरापासून दोनशे पावलांवर.

त्यानंतर शेवंताने मला पेटीत ठेवले नाही. पुढच्या रविवारी तिने शाळेच्या पडवीत एक टेबल टाकले आणि मला त्यावर उघडून ठेवले. मानकोलीच्या एका गोदामात काम करणारी तिची भाची धम्मदिना वही घेऊन शेजारी बसली. आधी बौद्ध आळीतल्या बाया आल्या, मग वरच्या आळीतल्या. त्या दिवशी मी एकेचाळीस दंड मोजले. त्यांतल्या एकोणीस जणींचा दाब वाढलेला होता. त्यांतल्या तिघींनाच ते ठाऊक होते. पुतळाबाई नावाची म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन सरळ शेतातून आली होती. तिचा आकडा एकशे चौऱ्यांशी निघाला.

"मावशी, ही बाई उभी कशी आहे?" धम्मदिनाने हळूच विचारले.

पुतळाबाई हसली. "उभी न्हाय ऱ्हायली तं बैलांना कोन घालील?"

शेवंता त्या दुपारी जेवली नाही. रोज दिसणारी, बोलणारी, भांडणारी ही माणसे, आणि जवळजवळ निम्म्यांच्या आत हे! ती वाल्मीकला म्हणाली, "मी एकटी डबा घेऊन किती फिरू? मी डॉक्टर न्हाय. गोळ्या द्यायच्या तर ते दार उघडलं पायजे." पुढच्या रविवारी तिने तेच सगळ्यांना सांगितले. बायांची मंडळी जमली. पुतळाबाईनेच तिचे नाव ठेवले, 'दार उघडा मंडळ'.

तिसऱ्या रविवारी रुचिका आली. ती कोणाशी बोलत नसे. तिने धम्मदिनाच्या हातातली वही घेतली आणि नावे लिहू लागली. तिचे अक्षर फार सुरेख होते. मागोमाग गोदूबाईही येऊन बसली. त्याच दिवशी वाद झाला. केसरीनाथांच्या चाळीत उत्तरेकडून आलेल्या लूम कामगारांची कुटुंबे राहत. त्यांतली एक बाई कडेला उभी राहून म्हणाली, "ताई, हमारा भी नाम लिखोगे ना?"

"आपल्या गावचं केंद्र हाय," गोदूबाई म्हणाली. "भाडोत्र्यांना कनाला?"

काही जणींनी माना डोलावल्या. शेवंता म्हणाली, "गोदूबाय, तू सांग, आजार रेशनकार्ड बघून येतो काय?" तरी कुजबुज थांबेना. तेव्हा रुचिका पहिल्यांदा बोलली.

"दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर चाळीतलीच एक बाई होती. तिचंही बाळ गेलं. तिला मराठी येत नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून पडून होतो." एवढे बोलून तिने कडेला उभ्या असलेल्या बाईचे नाव वहीत लिहिले. मग तालुक्याच्या आरोग्य खात्याला द्यायच्या अर्जावर गावातल्या आणि चाळीतल्या मिळून सहाशे बारा जणांच्या सह्या आणि अंगठे पडले. मागणी एकच होती. केंद्र रोज उघडा, नर्स द्या आणि जो येईल त्या प्रत्येकाला तपासा.

दोन महिन्यांनी अर्जाला उत्तर आले. 'सदर उपकेंद्र नियमित सुरू आहे.'

आम्ही सगळे चक्रावलो. धम्मदिना चिडून म्हणाली, "चालू आहे? मग चालू असल्याचं रजिस्टर तरी दाखवा!" तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याने टपालाने एक जाड पाकीट आले. त्यात रजिस्टरच्या पानांच्या नकला होत्या.

ती दुपार मी विसरू शकत नाही. शेवंताच्या घरात पाच-सहा बाया बसल्या होत्या. अक्षर बारीक होते, म्हणून रुचिका मोठ्याने वाचू लागली.

"पुतळाबाई. तपासणी केली. बीपी एकशे वीस-ऐंशी."

"कोनी केली?" पुतळाबाईने विचारले.

रुचिका वाचत राहिली. पुढचे नाव, एकशे वीस-ऐंशी. त्याच्या पुढचे, एकशे वीस-ऐंशी. पान उलटले तरी तेच. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो दंड मोजले. सख्ख्या जुळ्या भावांचा आकडाही मला कधी एकसारखा मिळाला नाही. आणि इथे अकरा पाने भरून माणसे, सगळ्यांचे एकशे वीस-ऐंशी! ज्या दारामागे कोणी पाऊल टाकले नव्हते, त्या दारामागे हे सारे गाव कागदावर ठणठणीत होते.

रुचिका अचानक थांबली. तिने पान डोळ्यांजवळ नेले.

"शेवंतामावशी," ती म्हणाली, "हे जरा तुम्ही वाचा. मला बरोबर वाचता येत नाही वाटतं."

शेवंताला चष्म्याशिवाय दिसेना. धम्मदिनाने कागद घेतला. तिने वाचले. "रुचिका कुणाल. नववा महिना. बीपी एकशे वीस-ऐंशी. प्रकृती उत्तम. प्रसूती सुखरूप, मुलगा. बाळास दीड महिन्याची लस दिली."

रुचिका रडली नाही. ती आपल्या रिकाम्या ओंजळीकडे बघत होती. "कुठं टोचली?" तिने विचारले. "मावशी, माझ्या बाळाला लस कुठं टोचली असेल त्यांनी? मांडीवर टोचतात ना?"

शेवंताने तिला छातीशी धरले. गोदूबाईने पदर तोंडात कोंबला. मी टेबलावर उघडा पडलो होतो. मला हात असते तर मी माझे झाकण लावून घेतले असते.

ग्रामसभेला नेहमी दहा-पंधरा माणसे असत. त्या दिवशी सव्वाशे बायाच होत्या. चाळीतल्या बायाही आल्या होत्या. तालुक्याहून एक आरोग्य अधिकारी आले होते. ते नव्यानेच बदलून आले होते. त्यांनी समोरचा कागद वाचला, "रेकॉर्डप्रमाणे केंद्र चालू आहे. अडचण काय आहे?"

शेवंता उठली. मी तिच्या हातात होतो. तिने मला अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. "साहेब, मी शिकलेली न्हाय. मी आया होते. तुमच्या कागदावर या बायांचं बीपी लिहिलंय. आता तुमच्यासमोर मोजते. तुम्ही फक्त बघा."

पुतळाबाई पुढे आली. एकशे ऐंशी. दुसरी आली. एकशे बावन्न. तिसरी, शहाण्णव, तिला तर भोवळच येत होती. अधिकारी वाकून माझ्या नळीत पाहू लागले. चौथ्या बाईला त्यांनी स्वतः पट्टा बांधला. सहाव्या बाईनंतर ते मटकन खुर्चीत बसले. मग रुचिका पुढे झाली. तिने दंड पुढे केला नाही. तिने ते पान त्यांच्यासमोर ठेवले आणि आपल्या ओळीवर बोट ठेवले.

"मी रुचिका. हे बाळ जन्मालाच आलं नाही, साहेब."

अधिकाऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "किल्ली कुणाकडे आहे? मला आत्ता केंद्र बघायचंय."

केसरीनाथ पहिल्या रांगेत बसले होते. ते जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात गोदूबाई उठली. ती भरभर घरी गेली आणि तशीच परत आली. तिच्या मुठीत किल्ली होती. "आमच्या घरान हाय," ती म्हणाली. "खुंटीवर. पाच वरसं झाली."

रुचिकाने सासूकडे पाहिले. ती नजर पाहून मला ठाण्याला जाताना गाडीत बसलेली गोदूबाई आठवली, कुलपावरून मान फिरवणारी. ती तेव्हा नुसती घाबरली नव्हती. तिला माहीत होते.

भर उन्हात सगळे गाव केंद्रापाशी गेले. दार उघडले. आत लग्नाच्या मांडवाच्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या होत्या, पातेली होती, गालिचे होते. बाळंतपणाच्या टेबलावरचे प्लॅस्टिक कोणी काढलेही नव्हते. त्यावर ताटांचे ढीग होते. रुचिका त्या टेबलाशी गेली, हात लावला आणि तिथेच खाली फरशीवर बसली.

"रिकामीच पडली होती," केसरीनाथ पुटपुटले. "नर्स येत नव्हती. म्हनलं, सामान तरी ऱ्हाईल. कुनाचं वाईट करायचं मनात नव्हतं."

"माझ्याबी न्हवतं," गोदूबाई म्हणाली. "पन आपून कदी इचारलं का, नर्स कनाला येत न्हाय? आपल्याला जागा पायजे होती."

केसरीनाथांनी एक खुर्ची उचलली आणि बाहेर नेली. मग दुसरी. कुणालही पुढे आला. कोपऱ्यातल्या कपाटात अधिकाऱ्यांना एक खोके सापडले. त्यांनी ते उघडले आणि मी थक्क झालो. आत हुबेहूब माझ्यासारखा एक डबा होता. त्याचे सील फोडलेले नव्हते. आठ वर्षे तो तिथे होता. त्याने एकही दंड पाहिला नव्हता. त्याच्या पट्ट्याला कोऱ्या कापडाचा वास येत होता. मी पेटीत पडलो म्हणून कुढत होतो. त्याने काय म्हणायचे?

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवशी नर्स आली. नाही. चौकशी लागली, कागद फिरत राहिले. मागची नर्स वाईट होती का, असे मी शेवंताला विचारू शकलो नाही, पण पुढे कळले की तिच्याकडे एकटीकडे पाच गावे होती आणि ती कधीच बदलून गेली होती. ती गेल्यावरही पाने भरतच राहिली. ती कोणी भरली, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

तोवर मंडळाने एक केले. रोज सकाळी दोघी-दोघी केंद्राच्या पायरीवर बसत, एक गावातली आणि एक चाळीतली. भिंतीवर फळा टांगला होता. त्यावर रुचिका आपल्या सुरेख अक्षरात लिही, 'आजही नर्स आली नाही.' खाली तारीख. गोदूबाईची पाळी आली की ती चाळीतल्या बाईबरोबर मोडक्या हिंदीत गप्पा मारी. रुचिका तिच्याशी अजून फारसे बोलत नाही. तरी एका घरातून दोघी एकत्र निघतात, हे मी पाहिले आहे.

सत्तेचाळीस दिवस तो फळा लिहिला गेला. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी करिष्मा नावाची नर्स आली. आता ती आठवड्यातले पाच दिवस येते. सहाव्या दिवसासाठी मंडळाचा अर्ज गेलेला आहे. पुतळाबाईला गोळ्या सुरू झाल्या आहेत. गोळ्या कडू असल्याची तक्रार ती रोज करते आणि रोज घेते.

आता माझ्याविषयी. करिष्माने पहिल्याच दिवशी सांगितले की पाऱ्याची यंत्रे वापरायची नाहीत. नळी फुटली तर पारा विषारी असतो. म्हणून मला आणि त्या कोऱ्या डब्याला एका खोक्यात शेजारी शेजारी ठेवले आहे. लवकरच आम्हाला नीट विल्हेवाटीसाठी नेतील. शेवंता वाईट वाटून घेते. मी घेत नाही. मला माझ्या शेजाऱ्याचे वाईट वाटते.

म्हणून जाण्याआधी एवढीच विनंती आहे. मला जपू नका, माझे दिवस भरले. तुमच्या आजीचे, आईचे, कामाला येणाऱ्या मावशीचे बीपी कोणी मोजले, तर शेजारी उभे राहा आणि विचारा, "आकडा किती आला?" मग कागदावर काय लिहिले, तेही वाचा. तुम्हाला वाचता येते. आणि मोजायला कोणी आलेच नसेल, तर त्या बंद दारासमोर जाऊन बसा. एकटे बसू नका, शेजारच्यालाही बोलवा.